शेळीची गोष्ट तुला सांगितली होती

चिलमारी, कुरिग्राम
१४ पौष

प्रिय लुबना आपा,

कागदावर लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. आपण दोघी ज्या कामात आहोत तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी ईमेलच्या चर्चायादीत जमा होतं आणि वीस वर्षांनीसुद्धा कुणालाही उघडून वाचता येतं. तूच मला हे अभिमानाने सांगितलं होतंस, की आपल्याकडे बंद दाराआड काही ठरत नाही. हे पत्र मात्र फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून कुरिअरने पाठवते आहे. गेले काही महिने मी तुझ्या मेलांना दोन-दोन ओळींची उत्तरं दिली. तू विचारलंस, "नाझिफा, फार कामात आहेस का?" मी लिहिलं, हो. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

आधी इकडची खबर. ब्रह्मपुत्र मागे सरकली आहे, वाळू वर आली आहे आणि धुकं इतकं असतं की घाटावरची पहिली होडी ऊन पडल्याशिवाय सुटत नाही. रंगपूरची नोकरी मी सोडलेली नाही. सुट्टीला इथे येते आणि आमच्या छोट्या इंटरनेटवाल्यांच्या गटाचं काम बघते. अम्माने तुझ्यासाठी खजुराचा गूळ बांधून ठेवला आहे. परवा म्हणाली, "तुझी ती ढाक्याची आपा यंदा फिरकली नाही. भांडलात का?" मी म्हटलं, कामात आहे ती. अम्मा म्हणाली, "कामात आहे की तूच बोलावलं नाहीस?" गूळ या पत्रासोबत पाठवत नाही. कुरिअरवाला वजनावर पैसे घेतो हे एक कारण. दुसरं असं, की मला तो पाठवावासा वाटला नाही.

तू मला पहिल्यांदा माईकसमोर उभं केलंस ती सभा आठवते? मी शिष्यवृत्तीवर आले होते आणि मागच्या रांगेत वही उघडून बसले होते. जाण्या-येण्याच्या वाटेत माईक होता आणि त्याच्यामागे बोलणाऱ्यांची रांग. तू माझा कोपर धरलास. "नुसतं ऐकायला आलीस का? ऐकणं घरी बसूनही होतं." मी म्हटलं, माझं इंग्रजी चांगलं नाही. तू म्हणालीस, "या हॉलमधल्या अर्ध्या लोकांचं तुझ्याहून वाईट आहे. फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही." मी रांगेत उभी राहिले, पाळी आली आणि सरळ मुद्द्यावर बोलायला लागले. मंचावरून कुणीतरी सौम्यपणे थांबवलं आणि नाव विचारलं. नंतर तू समजावलंस. नाव काय, कुठून आलीस, कुणाच्या वतीने बोलतेस, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय इथे पंतप्रधानालाही तोंड उघडू देत नाहीत. मला ते फार आवडलं. आमच्या गावात मुलगी कुणाच्या वतीने बोलते हे कुणी विचारत नाही. बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या, असं धरूनच चालतात. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा माईकपाशी गेले आणि म्हणाले, मी स्वतःच्या वतीने बोलते आहे. तू पहिल्या रांगेत होतीस आणि हसत होतीस.

इथे मतं मोजत नाहीत, हेही तूच शिकवलंस. दक्षिण आशियापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत एवढे देश, त्यांच्यासाठी इंटरनेटवरचे पत्ते कुणाला, कोणत्या नियमाने द्यायचे हे एका हॉलमध्ये आणि एका चर्चायादीवर ठरतं, आणि हात मोजून ठरत नाही. हरकत कुणाची आहे ते बघत नाहीत, हरकत काय आहे ते बघतात. एकट्या माणसाची हरकत बरोबर असेल तर भरलेल्या हॉलला थांबावं लागतं. माझ्या आयुष्यात मी ज्या गोष्टींवर पूर्ण विश्वास ठेवला त्या फार नाहीत. ही एक होती. तू दुसरी होतीस.

प्रस्ताव लिहायला घेतला तेव्हा तू अट घातलीस, की मोतालेब चाचांना समजेल असा आधी बोलून दाखव, मग लिही. मी घाटावरच्या त्यांच्या दुकानात जाऊन बसले. ते पूर्वी टीव्हीच्या केबली ओढायचे, आता चारांवरच्या, नदीतल्या त्या वाळूच्या बेटांवरच्या, वस्त्यांना इंटरनेट देतात. मी म्हटलं, चाचा, घर भाड्याचं असेल तर घर सोडताना पत्ताही सोडावा लागतो. आपल्या जाळ्यातले सगळे पत्ते रंगपूरच्या कंपनीचे आहेत. कंपनी सोडली की ते परत द्यावे लागतात. चाचांनी चहा ढवळला आणि म्हणाले, "म्हणजे मी भाडेकरू. माझी गिऱ्हाइकं माझी भाडेकरू. आणि मालक रंगपूरला पंख्याखाली." एवढं तंतोतंत मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीने दर वाढवले, पुन्हा वाढवले, आणि आम्ही निमूट दिले, कारण चारावरच्या बँकेच्या केंद्राचा प्रश्न होता. बँक फक्त ओळखीच्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत घेते. पत्ता बदलला की नव्याने मंजुरी, आणि मंजुरी येईपर्यंत केंद्र बंद. ज्या बायकांचे नवरे सौदीहून, मलेशियातून पैसे पाठवतात त्यांनी होडीत बसून चिलमारीला यायचं, दिवस घालवायचा. नवख्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांमधून आम्हाला आमचे स्वतःचे मिळाले असते तर आम्ही कुठल्याही कंपनीकडे गेलो असतो आणि केंद्र एक तासही बंद पडलं नसतं. पण आमच्यातला एकेकटा नियमात बसत नव्हता. म्हणून माझा प्रस्ताव असा होता, की लहान जाळी चालवणाऱ्या काही जणांना एकत्र येऊन, एका गटाच्या नावावर पत्ते मागता यावेत. एवढंच.

आता त्या शुक्रवारबद्दल. मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मीरपूरला तुझ्या घरी मी मसुदा घेऊन आले होते. तू भुना खिचडी केली होतीस, बाहेर तुझा मुलगा क्लासला निघाला होता आणि चप्पल सापडत नाही म्हणून कुरकुरत होता. मी तुला सांगितलं, की मसुद्यात एक भोक आहे आणि ते बुजवायचं कसं ते मला कळत नाही. आमच्यातल्या सहा जणांत मिळून पाचशे बारा पत्ते येणार, म्हणजे एकेकाला शंभरही नाहीत. त्यातून दोनशे छप्पन्नपेक्षा लहान तुकडा बाहेरच्या जगात कुणी ओळखत नाही. म्हणजे कुणाला गट सोडायचा असेल तर तो आपला वाटा घेऊन जाऊच शकत नाही. आणि हे नुसतं कागदावरचं नाही हे तुला पटावं म्हणून मी शेळीची गोष्ट सांगितली.

मोतालेब चाचा आणि आमच्या सहांतलेच, पलीकडच्या चारावर इंटरनेट देणारे आफ्सार काका, हे साडू. चाचांची केबल आफ्सार काकांच्या अंगणातून बांबूवरून जाते. बांबू कलला, केबल खाली लोंबली आणि काकांच्या शेळीने ती खाल्ली. चाचा भरपाई मागायला गेले. काका म्हणाले, "माझ्या अंगणातून केबल नेलीस तेव्हा शेळीला विचारलं होतंस का?" चाचांनी चिडून काकांची लाईन बंद केली, कारण ती चाचांच्या दुकानातून जाते. त्या चारावरचं केंद्र बंद पडलं. शेवटी दोघांच्या बायकांनी, म्हणजे बहिणी-बहिणींनी, मध्ये पडून मिटवलं. मी तुला म्हटलं, आपा, उद्या पत्ते गटाच्या नावावर आले आणि गटाचे प्रमुख चाचा झाले, तर आफ्सार काकांना मी रंगपूरच्या मालकाकडून सोडवून चाचांच्या मुठीत देणार. तू इतकी हसलीस, की चमचा खाली ठेवावा लागला. "शेळीला विचारलं होतंस का" हे तू दोन-तीनदा स्वतःशी म्हणालीस. मग तोंड पुसून गंभीर झालीस आणि म्हणालीस, "हे मसुद्यात लिहू नकोस." मी म्हटलं, मला लिहायचं आहे, कुणीतरी उपाय सुचवेल. तू म्हणालीस, "दुकानदार कापडाचं भोक स्वतःहून दाखवतो का? आधी सहमती होऊ दे. दुरुस्ती नंतर आणता येते. मी अध्यक्षाच्या खुर्चीत आहे, मला माहीत आहे हॉल कसा चालतो. विश्वास ठेव." मसुद्यात या भोकावर एक परिच्छेद मी आधीच लिहिला होता, तो तुझ्यासमोरच पुसला.

कोलंबोची सभा तुला माझ्याइतकीच आठवत असणार. तू मंचावर खुर्चीत, मी खाली. मी बोलले ते बरं झालं असावं. नेपाळच्या एका बाईने डोंगरातल्या वस्त्यांचं उदाहरण देऊन पाठिंबा दिला. टोंगाचा तो उंच माणूस म्हणाला, की तुमची वाळूची बेटं आणि आमची बेटं यात फरक एवढाच, की तुमची दर वर्षी जागा बदलतात. लोक हसले, चांगलं हसले. मग जेरोम उभा राहिला. नाव सांगितलं, कंपनी सांगितली, कंपनीच्या वतीने बोलतो म्हणाला. ही कंपनी पत्ते विकत घेऊन भाड्याने देते हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि त्याने लपवलंही नाही. तो शांतपणे म्हणाला, "समजा, या गटातल्या एकाची शेळी दुसऱ्याची केबल खाते." हॉल हसला. "दुसरा चिडून त्याची लाईन बंद करतो. आता शेळीवाल्याने जायचं कुठे?" पुन्हा हसले, पण यावेळी हसणं मधेच थांबलं, कारण जाणत्यांच्या लक्षात आलं होतं. दोनशे छप्पन्नचा मुद्दा त्याने माझ्याच क्रमाने मांडला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तुझ्या लॅपटॉपकडे पाहत होतीस. मग अध्यक्षांच्या आवाजात विचारलंस, "प्रस्तावाच्या लेखिकेला उत्तर द्यायचं आहे का?" मी माईकपाशी गेले आणि हरकत बरोबर आहे एवढंच म्हणाले. तू जाहीर केलंस, की सहमती झालेली नाही. नियमाप्रमाणे तो निर्णय अचूक होता. तुझ्या जागी मी असते तर मीही तोच दिला असता. माझं म्हणणं त्याबद्दल नाही.

मी आधी योगायोग धरून पाहिला. शेळ्या सगळ्या देशांत आहेत, केबली सगळीकडे लोंबतात. इतकं अवघड नाही, कुणालाही सुचू शकतं. संध्याकाळच्या चहाला जेरोम स्वतःच माझ्याकडे आला. हातात बशी, तोंडात पॅटिस. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, प्रस्ताव छान होता. आणि ती शेळी! तुमच्या अध्यक्षबाईंनी परवा जेवताना सांगितली. आमचं टेबल हसून लोळलं. शेळीला विचारलं होतंस का! आता आमच्यात कुणी काही न विचारता केलं की आम्ही हेच म्हणतो." तो दुष्ट माणूस नाही. आपण मला काय सांगतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, हो, गोष्ट चांगली आहे. आणि माझा चहा संपवला.

तेव्हापासून मी पुष्कळ विचार केला, जसा बिघाड शोधताना करतात तसा, एकेक शक्यता वेगळी करून. पैशासाठी तू हे केलं नाहीस, ते मला पक्कं ठाऊक आहे. प्रस्तावातलं भोक लोकांसमोर यायलाच हवं असं तुला वाटलं आणि खुर्चीत असल्यामुळे स्वतः बोलता येईना म्हणून दुसऱ्याकडून वदवलंस, असंही मी धरून पाहिलं. तसं असतं तर मला राग आला असता, पण त्या रागाला कुठेतरी ठेवायला जागा मिळाली असती. तू ती गोष्ट हसवायला सांगितलीस. मोठ्या कंपन्यांचं टेबल, आपल्या देशातून त्या टेबलावर बसलेली तू पहिली बाई, आणि बोलणं थोडं रेंगाळलं असेल. ते टेबल मीही पाहिलं आहे. तिथे आपल्याकडच्या माणसाला रिकाम्या हाताने बसवत नाहीत. काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्या हाताशी चाचा आणि काका होते. मी तुला एक अडचण सांगितली होती, आपा. तू तिची गंमत केलीस. आणि मला मात्र ती लिहू दिली नाहीस. मी लिहिली असती तर ते भोक माझं राहिलं असतं, लोकांनी मिळून बुजवलं असतं. तू ते पुसायला लावलंस म्हणून ते जेरोमला सापडलं.

दुसरी गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, कारण सांगणारी मीच होते आणि मी दोन ओळींच्या वर लिहीत नव्हते. त्या दिवशी चिलमारीत मोतालेब चाचांनी दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर सभा लावली होती. मीच सांगितलं होतं लावायला. गटातले सगळे जमले होते, शाळेतले मास्तर बाजूला बसून इंग्रजीचं बंगालीत सांगत होते. मी परत आले तेव्हा चाचा म्हणाले, "आमची शेळी कोलंबो फिरून आली. आम्हाला अजून ढाक्याची बस कुठे थांबते ते ठाऊक नाही." सगळे हसले. आफ्सार काका हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माय, ही गोष्ट घरातली होती. तिथे कुणी पोचवली?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खोटं बोलण्याची माझी सवय नाही हे तू जाणतेस. ते खोटं मी तुझ्यासाठी बोलले. पण त्याची किंमत काकांनी दिली. मला माहीत नाही म्हणजे मोतालेबनेच कुणाला तरी सांगितली असणार, असं त्यांनी धरलं. साडूने आपल्याला परदेशात हसं केलं, असं म्हणून त्यांनी गट सोडला. रंगपूरच्या कंपनीशी आमचा करार गटाचा, पत्ते कंपनीने गटाला दिलेले. काका बाहेर पडले ते पत्त्यांशिवाय. त्यांच्या चारावरचं केंद्र बंद पडलं आणि आज तिथल्या बायका धुक्यात होडीची वाट बघत उभ्या राहतात. मसुद्यातून मी जो परिच्छेद पुसला होता, त्यात हेच लिहिलेलं होतं. काकांनी मग पत्ते भाड्याने घेतले. कुणाकडून ते तू ओळखलं असशील. बँकेने त्या पत्त्यांना अजून मंजुरी दिलेली नाही आणि भाडं डॉलरमध्ये जातं.

महिन्याभरापूर्वी मी त्यांच्या चारावर गेले आणि अंगणात बसून खरं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "मोतालेबने नाही सांगितलं? नक्की?" मी म्हटलं, नक्की. "मग तू?" मी म्हटलं, मी एकाच माणसाला सांगितलं होतं, आपलं समजून. काकांनी हातातल्या दोरीचा पीळ पुरा केला. मग म्हणाले, "ते आपलंच असणार. परक्याला माझ्या शेळीचं काय पडलंय?" त्यांनी मला रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. काकूने चहा दिला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याच होडीतून चिलमारीला आले, चाचांच्या दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "केबल वर बांध. शेळी मोठी झालीये." चाचा म्हणाले, "आधी शेळीला विचारून ये." मिटलं ते एवढ्यावर. पण काकांच्या वाट्याचे जुने पत्ते कंपनीने तोवर परत घेतले होते.

मसुदा मी नव्याने लिहिला आहे. गरज सगळ्यांची मिळून दाखवायची, पण पत्ते गटाच्या नावावर घ्यायचेच नाहीत. प्रत्येकाला दोनशे छप्पन्नचा पूर्ण तुकडा त्याच्या स्वतःच्या नावावर. ज्याला जायचं त्याने आपला घेऊन जावं. राखीव साठ्यातून थोडे जास्त जातील, आणि ते का परवडेल याचा हिशेब जोडला आहे. पहिल्याच परिच्छेदात जुन्या मसुद्यातलं भोक लिहिलं आहे, शेळीसकट. दोघांची परवानगी घेतली. चाचा म्हणाले, "हसायचं तर आमच्यासमोर हसू देत. आम्ही पण हसू." या वेळी सहमती झाली तर काकांच्या चारावरचं केंद्र पुढच्या पुरापूर्वी स्वतःच्या पत्त्यावर उघडेल. नाही झाली तर काका आणखी एक वर्ष भाडं भरू शकणार नाहीत. ते त्यांनी मला सांगितलं आहे, आणि तेवढ्यात बँक केंद्र दुसरीकडे हलवेल.

प्रस्ताव फाल्गुनात काठमांडूच्या सभेत येतो आहे आणि खुर्चीत पुन्हा तू आहेस. हे पत्र त्यासाठी लिहिलं. आपा, या एका विषयापुरती खुर्चीवरून उतर. अध्यक्षाला एखाद्या प्रस्तावात स्वतःचा गुंता आहे असं वाटलं तर तो दुसऱ्या सहअध्यक्षाकडे कामकाज देऊ शकतो, आणि कारण कुणी विचारत नाही. तू दोन ओळी कळवल्यास की झालं. तुझ्याबद्दल एक शब्द कुठे लिहिला जाणार नाही, ती गोष्ट पोचवणारी तू होतीस हे चाचा-काकांनाही कळणार नाही. कार्यक्रमपत्रिका पक्की होईपर्यंत मी वाट बघेन. तोवर काही झालं नाही तर चर्चेच्या आधी मी माईकपाशी उभी राहीन आणि तू या विषयावर खुर्चीत का नसावीस ते सांगेन, मसुद्यातून काय पुसायला लावलंस आणि जेवताना काय सांगितलंस तेही. मग ते कायमचं नोंदीत राहील. मला ते करायचं नाही, पण मी करीन हे तुला माहीत आहे. माफी मागणारं पत्र मात्र पाठवू नकोस. मी ते वाचेन, विश्वास ठेवेन आणि मग मला माईकपाशी जाता येणार नाही. आणखी एक. मोतालेब चाचा आणि आफ्सार काका दोघेही काठमांडूला येत आहेत. पासपोर्ट झाले, चाचांनी कोट शिवायला टाकला आहे. माझ्या प्रत्येक बोलण्यात त्यांनी इतकी वर्षं तुझं नाव ऐकलं आहे, त्यामुळे ते सगळ्यांत आधी विचारणार, तुझी ती आपा कुठली? मला त्यांना तुझ्यासमोर आणून उभं करावं लागेल. तेव्हा तू कोण आहेस म्हणून सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझीच, निदान हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत,
नाझिफा